खणातला रानपिंगळा

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये शिरताच मान आपोआप वर होते. मधल्या प्रशस्त दालनाच्या छताला निळ्या देवमाशाचा २५ मीटर लांबीचा सांगाडा टांगला आहे. १८९१ मध्ये हा देवमासा आयर्लंडच्या किनाऱ्यावर अडकला होता. इमारत त्याआधीची, १८८१ ची. तिच्या भाजलेल्या मातीच्या भिंतींवर पश्चिमेला हयात प्राणी कोरलेत, पूर्वेला नामशेष झालेले. पोरं मात्र थेट डायनोसॉरकडे धावतात.

पण या संस्थेकडे सुमारे ८ कोटी नमुने आहेत आणि लोकांपुढे मांडलेले त्यातले मूठभरच. बाकीचे खणांत, बरण्यांत, कपाटांत. एवढे सगळे जपायचे कशासाठी?

याचे उत्तर खानदेशातल्या एका छोट्या घुबडाने दिले.

रानपिंगळ्याला १८७३ मध्ये नाव दिले ॲलन ह्यूम यांनी. ज्या १८८५ साली त्यांच्या पुढाकाराने काँग्रेस स्थापन झाली, त्याच साली त्यांनी पक्षी आणि अंडी मिळून ८० हजारांहून अधिक नमुने या संग्रहालयाला दिले. १८८४ नंतर मात्र रानपिंगळा दिसेनासा झाला. अपवाद एकच: कर्नल माइनर्टझागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याचा दावा केलेला पक्षी.

अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांना त्याच्या चिठ्ठीवर विश्वास बसेना. पक्ष्यांचे खण आता लंडनबाहेर ट्रिंग गावी असतात. तिथे त्यांनी नमुना क्ष-किरणांखाली घातला, तेव्हा कातडी उसवून पुन्हा भरल्याच्या खुणा सापडल्या. मूळ पक्षी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात टिपलेला निघाला. तो संग्रहालयातूनच चोरून, नवी चिठ्ठी बांधून परत आणला होता! डेव्हिडसन यांची कातडी भरण्याची पद्धत कर्नलला पुरती पुसता आली नाही. शंभर वर्षांपूर्वीचे ते टाके साक्षीला उभे राहिले, ही या संग्रहाची खरी श्रीमंती.

गुजरातची नोंद खोटी ठरल्यावर शोध जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणांकडे वळला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना झाडावर बसलेला जिवंत रानपिंगळा दिसला. पुढे तो मेळघाटात आणि तानसा अभयारण्यातही आढळला.