देशाआधी आलेलं नाणं

हॅम्बुर्ग

उरणहून हल्ली मला व्हॉट्सॲपवर नाण्यांचे फोटो येतात. वडील बोटीवर होते, काका बोटीवर होते, त्यांच्या डब्यात ही जर्मन नाणी सापडली. याचे किती येतील? इथल्या बंदरगावात राहतो, म्हणून मला ठाऊक असणारच, असा सगळ्यांचा हिशेब. नाणं जुनं म्हणजे महाग, हा समज मात्र आधी बाजूला ठेवावा लागतो. १९५० सालची दहा फेनिगची (फेनिग म्हणजे मार्काचा पैसा) नाणी इतकी पाडली गेली, की संग्राहक त्यांच्याकडे वळूनही बघत नाही. किंमत ठरते ती साल, एक बारीक अक्षर आणि कडेने लिहिलेलं नाव यांवर. ही तिन्ही वाचता आली तर युद्धानंतरचा हा देश कसा उभा राहिला, तेही वाचता येतं.

आधी नाव. डॉइच मार्क आला २० जून १९४८ रोजी आणि पश्चिम जर्मनीची राज्यघटना लागू झाली मे १९४९ मध्ये. म्हणजे पैसा आधी, देश नंतर. माणशी आधी ४० मार्क हातात पडले, मागाहून आणखी २०. बँकेतल्या १०० जुन्या मार्कांचे शेवटी साडेसहाच उरले. नवी नाणी तयारच नव्हती, त्यामुळे जुनी चिल्लर दशांश किमतीने काही काळ चालवली. नवी निघाली तेव्हा त्यांवर देशाचं नाव घालणार कुठून? म्हणून १९४८-४९ च्या फेनिगांवर ‘बांक डॉइचर लेंडर’, म्हणजे जर्मन राज्यांची बँक, असं लिहिलेलं आहे. १९५० पासून ‘बुंडेसरेपुब्लिक डॉइचलांड’ आलं.

या सांध्यातच खरा माल आहे. कार्ल्सरूहच्या टांकसाळीने १९५० साल घातलेली ५० फेनिगची सुमारे ३०,००० नाणी जुन्याच नावाने पाडली. त्यांना आज काहीशे युरो मिळतात. साहजिकच १९४९ चं साल कोरून १९५० केलेली बनावट नाणीही फिरतात. तेव्हा ५० फेनिग हातात आलं तर भिंग घ्या. एका बाजूला रुमाल बांधलेली, गुडघ्यावर बसून ओकचं रोप लावणारी बाई दिसेल. शिल्पकार रिचर्ड मार्टिन वेर्नर यांनी ती आपल्या पत्नीला, गेर्डा यांना, समोर बसवून घडवली. युद्धात आणि नंतर तुटलेली जंगलं पुन्हा लावायला बायकाच पुढे आल्या होत्या, त्यांची ही आठवण.

आता अक्षर, म्हणजे टांकसाळीची खूण. D म्युनिक, F श्टुटगार्ट, G कार्ल्सरूह, J आमचं हॅम्बुर्ग. नाण्यावर गरुड केंद्राचा, पण टांकसाळी राज्यांच्या मालकीच्या. दिल्लीच्या सवयीच्या डोळ्यांना हे नवल वाटतं; इथे मात्र सत्ता एका ठिकाणी साठू द्यायची नाही, अशी रीत आहे. A, म्हणजे बर्लिन, १९९० पर्यंत पूर्व जर्मनीचं अक्षर होतं. पूर्वेची नाणी ओळखणं सोपं: ॲल्युमिनियमची, हलकी, हातोडा आणि कंपासचं चिन्ह. फक्त २० फेनिग पितळेचं, कारण सार्वजनिक फोनच्या पेटीला वजनदार नाणं लागे.

डब्यात पाच मार्क असेल तर साल पाहा. १९५१ ते १९७४ चं साधं पाच मार्काचं नाणं ११.२ ग्रॅमचं, ६२.५ टक्के चांदीचं. म्हणजे ७ ग्रॅम शुद्ध चांदी. चांदीचा भाव तरी नक्की येतो. पण त्यात १९५८ आणि J जुळून आलं, तर ते हॅम्बुर्गने पाडलेल्या अवघ्या ६०,००० पैकी एक. चांगल्या अवस्थेत त्याला हजार युरोंच्या वर मोजतात. ‘चांगल्या अवस्थेत’ हे महत्त्वाचं. चिंच-मीठ लावून देवाची भांडी लखलखीत होतात, नाण्याची किंमत मात्र जाते. धुऊ नका, पुसूही नका. नाणं कडेने धरा आणि दोन्ही बाजूंचा उजेडातला फोटो पाठवा. इथला व्यापारी येगरच्या नाणेसूचीतला क्रमांक काढून मगच बोलतो.

बाकीच्या चिल्लरचं काय? आपल्याकडे ३० जून २०११ ला चार आणे संपले ते संपले. जर्मनीत मार्क २००१ अखेर चलनातून गेला, तरी बुंडेसबँक आजही १.९५५८३ मार्काला एक युरो देते, मुदत नाही, टपालानेही चालतं. १२ अब्जांहून अधिक मार्क अजून परत आलेले नाहीत. ज्या पिढीची बचत साडेसहा टक्क्यांवर आली, तिच्या देशाने पुढच्या खेपेला मुदतच ठेवली नाही, हे मला सगळ्यात बोलकं वाटतं. तरीही उरणहून मूठभर फेनिग पाठवायचे तर टपालखर्चच अंगावर येईल. नातवंडांना भूगोल शिकवायला ते घरीच बरे.