चढाला काटा, उताराला झडप

घाट चढताना डिझेल ट्रकचे इंजिन तापते आणि उतरताना ब्रेक तापतात. 16 टनांचा भरलेला ट्रक लोणावळ्याहून खोपोलीला येतो तेव्हा तो सुमारे साडेपाचशे मीटर खाली उतरतो, आणि या उतरण्यात साधारण 86 मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्या उष्णतेत 30 अंशांचे 290 लिटर पाणी उकळीला येईल. तिचा काही भाग हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण खाते. चालक नुसता ब्रेकवर पाय ठेवून उतरला, तर उरलेली जवळपास सगळी ड्रम आणि लायनरमध्ये जाते. तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर सरतो, लायनरची पकड सुटते आणि पेडल तळाला टेकले तरी गाडी आवरत नाही. अशा ‘ब्रेक फेल’मध्ये कधीकधी काहीच तुटलेले नसते, ब्रेक फक्त भाजलेले असतात.

एक्झॉस्ट ब्रेक हा भार इंजिनावर घेतो. टर्बोच्या पुढे, सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपात एक गोल झडप असते. एक्सलेटरवरून पाय काढला की इंजिनाला डिझेल मिळणे थांबते. त्याच वेळी झडप मिटते आणि पिस्टनने बाहेर ढकललेली हवा कोंडते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दट्ट्या रेटावा, तसे प्रत्येक पिस्टनला ही कोंडलेली हवा रेटावी लागते. ही ताकद चाकांकडून, गिअरमधून येते, म्हणून चाके मंदावतात. इंजिनाचे फेरे जितके जास्त, तितका हा ब्रेक जोरकस. त्यामुळे उतार लागण्याआधीच खालचा गिअर घ्यायचा असतो. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडणाऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही, कारण चाके आणि इंजिन यांचा संबंधच तिथे तुटलेला असतो.

याच कामाचा दुसरा प्रकार म्हणजे ‘जेक ब्रेक’. त्यात पाइप बंद होत नाही. दाबलेली हवा सिलिंडरमधूनच ऐन वेळी सोडून दिली जाते. 1931 मध्ये डिझेल इंजिने बनवणारे क्लेसी कमिन्स डिझेल ट्रक घेऊन अमेरिका ओलांडत असताना कॅलिफोर्नियातल्या कहोन घाटात ब्रेकनी दगा दिला आणि ट्रक मालगाडीवर आदळता आदळता वाचला. त्या धसक्यातून सुचलेली ही युक्ती 1961 मध्ये बाजारात आली. ती एक्झॉस्ट ब्रेकपेक्षा ताकदवान असते, पण इंजिनाच्या आत बसते. एक्झॉस्ट ब्रेक मात्र बाहेरून जोडता येतो.

भारतीय मालट्रकांत तो बहुधा कारखान्यातूनच येतो. मागाहून बसवण्याची खरी परंपरा अमेरिकेतल्या पिकअप मालकांची. 1989 पासून डॉज रॅम पिकअपला कमिन्सचे 5.9 लिटरचे इंजिन मिळू लागले. याच मालिकेची इंजिने जमशेदपूरला टाटा कमिन्समध्ये बनून टाटाच्या ट्रकांतही बसली. पिकअपमागे कित्येक टनांचा ट्रेलर जोडून डोंगर उतरणाऱ्यांना गाडीचे मूळचे ब्रेक अपुरे पडत.

बसवणीत झडप जोडणे हे सोपे काम. टर्बोच्या तोंडाशी असलेला पट्टा सोडवायचा, मध्ये झडपेचे घर बसवायचे आणि सांधे गळत नाहीत ना ते पाहायचे. झडप हलवायला हवेचा दाब किंवा व्हॅक्यूम लागतो. एअर ब्रेकच्या ट्रकात हवेची टाकी असतेच, पिकअपमध्ये छोटा पंप लावावा लागतो. वायरिंगला जास्त काळजी हवी. एक स्विच एक्सलेटरवर आणि एक क्लचवर असलाच पाहिजे. क्लच दाबल्यावरही झडप मिटलेलीच राहिली, तर सुटे झालेले इंजिन जागीच बंद पडते.

सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो दाब. कोंडलेली हवा पिस्टनवर रेटते तशी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पाठीवरही रेटते, आणि स्प्रिंग मऊ असेल तर व्हॉल्व्ह नको तेव्हा उघडतो. डॉज रॅमच्या त्या बारा व्हॉल्व्हच्या कमिन्समध्ये दर चौरस इंचाला 60 पाउंड दाब पेलायचा तर कडक स्प्रिंगा घालाव्या लागत. हा खर्च वाचवून ब्रेक बसवण्यापेक्षा तो न बसवलेला बरा.

उतारासाठी जशी झडप, तसा चढासाठी तापमापक. रेडिएटरच्या पाण्याचा काटा सावकाश हलतो. जळलेल्या वायूचे तापमान मात्र एक्सलेटर दाबताच काही सेकंदांत चढते. ते मोजायला थर्मोकपल वापरतात. निकेल-क्रोमियम आणि निकेल-ॲल्युमिनियम अशा दोन मिश्रधातूंच्या तारा टोकाला जोडल्या की उष्णतेने अगदी बारीक विद्युत दाब तयार होतो, अंशाला सुमारे 41 मायक्रोव्होल्ट. म्हणूनच लांबी पुरली नाही तर तिथे साधी तांब्याची वायर जोडून चालत नाही. सांधा तापलेल्या बॉनेटखाली आला की काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, आणि हीच चूक सर्वांत धोक्याची.

थर्मोकपलची कांडी टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये बसवणे उत्तम. टर्बोच्या पुढे लावली तर भाराखाली शंभर-दीडशे अंश कमी दिसतात. मॅनिफोल्ड बिडाचा असतो. त्याला भोक पाडून आटे पाडताना निघणारा कीस आत राहिला, तर मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांची वाट लागते. ड्रिलला आणि टॅपला ग्रीस फासून, पुन्हा पुन्हा पुसत काम करतात आणि उरलेला कीस चुंबकाने ओढतात. मॅनिफोल्ड उतरवूनच भोक पाडणे सर्वांत निर्धोक. कांडी बसवण्यापूर्वी याच भोकात दाबमापक लावून एक्झॉस्ट ब्रेकचा दाब मर्यादेत आहे का, हेही तपासता येते.

त्या कमिन्ससाठी टर्बोआधी सुमारे 700 अंश सेल्सिअस ही वरची मर्यादा धरतात. पिस्टनचे ॲल्युमिनियम त्याच्याही खाली, 660 अंशांच्या आतच वितळते. ते टिकते ते तेल आणि पाण्याच्या गारव्यामुळे. काटा मर्यादेकडे सरकला तर एक्सलेटर सैल करून खालचा गिअर घ्यायचा. तसे केल्याने इंजिनाला हवा जास्त आणि डिझेल कमी मिळते. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक लागला की हाच काटा झरझर खाली येतो.

एक्झॉस्ट ब्रेकचा जोर फक्त मागच्या, इंजिनाशी जोडलेल्या चाकांवर येतो, हे पावसाळ्यात लक्षात ठेवावे लागते. रिकामा ट्रक निसरड्या वळणावर त्याने घसरू शकतो. चढ संपवून लगेच थांबायचे असेल, तर इंजिन चालू ठेवून काटा 150 अंशांच्या आसपास येऊ द्यायचा. त्याआधी चावी फिरवली, तर टर्बोच्या बेअरिंगमध्ये थबकलेले तेल जळून त्याची काजळी धरते.