दुपारी मंदावणारा संगणक

थर्मल थ्रॉटलिंग म्हणजे प्रोसेसरने (आकडेमोड करणारी मुख्य चिप) फार तापल्यावर स्वतःचा वेग कमी करणे. भर उन्हात राबणारा मजूर जसा हात आवरता घेतो, तसेच हे. ताप आणखी वाढला, तर संगणक आपोआप बंद पडतो.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तिथल्या हुडकेश्वर भागातल्या एखाद्या घरात, तापलेल्या स्लॅबखाली संगणक असा मंदावला किंवा बंद पडला, की संशय व्हायरसवर जातो. मात्र संगणक सकाळी नीट चालून दुपारीच अडत असेल, तर कारण बहुधा उष्णता आणि संगणकाच्या पंख्यात साचलेली धूळ हेच असते.

प्लग काढून पंख्याची जाळी मऊ ब्रशने साफ करावी. लॅपटॉप गादीवर ठेवू नये. कूलरचा दमट झोत थेट यंत्रावर येऊ देऊ नये. त्यानंतरही अडचण राहिली, तर व्हायरसची तपासणी करावी.