नावात ‘ऑल’, गुण निराळे

परवा जुईनगरच्या माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ लेबल नसलेली बाटली घेऊन आले. “डॉक्टर, स्पिरिटच आहे. जखमेला लावू?” मी म्हटले, “नाव नाही, तर लावू नका.”

वाचकहो, अल्कोहोल हे एका पदार्थाचे नव्हे, कुटुंबाचे नाव आहे. कार्बनच्या साखळीला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लागली की नावाच्या शेवटी ‘ऑल’ येते. कार्बन एक असेल तर मिथेनॉल, दोन असतील तर इथेनॉल. दारूत असते ते इथेनॉल. तीन कार्बन असून जोडी मधल्या कार्बनला असेल तर ते आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे द्वितीयक अल्कोहोल इंजेक्शनपूर्वी कातडी पुसायला वापरतात.

मिथेनॉल दिसायला इथेनॉलसारखेच. पण ते कातडीतूनही शरीरात शिरते. त्याचे फॉर्मिक आम्ल बनते व डोळ्यांची नस निकामी होते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या गावठी दारूने शंभरावर माणसे दगावली.

अशी दारू प्यायल्याचा संशय असेल, धुरकट दिसू लागले, तर घरगुती उपाय न करता रुग्णाला तडक मोठ्या रुग्णालयात न्या. वेळीच उतारा व डायलिसिस मिळाल्यास जीव वाचू शकतो. आणि घरातली बिननावाची बाटली आजच बाजूला काढा.