सर्टिफिकेटच्या फायली: नावावर जाऊ नका, आत बघा

या भागाचं हे लिखित रूप. बोलताना माझं "हां, तर" पन्नास वेळा येतं, ते काढलंय. बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

बदलापूरहून एका श्रोत्या ताईंचा प्रश्न आला होता. त्या सिक्युरिटी प्लसची तयारी करतायत आणि पीईएम, डीईआर, सीईआर, पीएफएक्स, पी१२, पी७बी या सहा नावांवर सराव परीक्षेत दर वेळी मार्क जातात. पाठ होतं आणि दोन दिवसांत उडतं. ही सहा नावं परीक्षेच्या ५०१ आणि ६०१ या आवृत्त्यांच्या अधिकृत अभ्यासक्रमात होती. ७०१ मध्ये ती यादी गळली. पण जुने प्रश्नसंच सगळीकडे फिरतायत, आणि नोकरीत तर या फायली पहिल्याच आठवड्यात समोर येतात. म्हणून बोलूया.

माझं म्हणणं सरळ आहे. सहा नावं पाठ करू नका. फाइल दिसली की दोन प्रश्न विचारा: ती कशी लिहिलीय, आणि तिच्या आत काय काय आहे?

आधी सर्टिफिकेट म्हणजे काय ते एका दमात. एक्स ५०९ नावाचं मानक आहे, १९८८ पासूनचं. त्यात वेबसाइटचं नाव, तिची पब्लिक की, कधीपासून कधीपर्यंत वैध, आणि खाली देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही. तहसील कार्यालयातून मिळालेल्या दाखल्यासारखं. दाखला चारचौघांना दाखवायलाच असतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. लपवायची ती प्रायव्हेट की, आणि ती सर्टिफिकेटमध्ये नसते. हे डोक्यात पक्कं बसलं की निम्मे प्रश्न सुटतात.

आता पहिला प्रश्न, कशी लिहिलीय. मूळ रूप डीईआर. ते बायनरी असतं, नोटपॅडमध्ये उघडलं तर नुसती चित्रविचित्र चिन्हं. पीईएम म्हणजे तीच माहिती बेस ६४ मध्ये, साध्या अक्षरांत लिहिलेली. वर पाच डॅश आणि बिगिन सर्टिफिकेट, खाली एंड सर्टिफिकेट. पीईएम म्हणजे प्रायव्हसी एन्हान्स्ड मेल. १९९३ मध्ये ईमेल सुरक्षित करायची एक योजना आली होती, ती काही चालली नाही, पण अक्षरांत लिहायची तिची पद्धत मात्र टिकली. त्या काळची मेल यंत्रणा बायनरी नीट पोचवेल याची खात्री नव्हती, म्हणून ही सोय. बेस ६४ मध्ये ३ बाइटची ४ अक्षरं होतात, त्यामुळे पीईएम फाइल डीईआरपेक्षा साधारण एक तृतीयांश मोठी असते.

एक गंमत सांगतो. पीईएम सर्टिफिकेट उघडा, पहिली तीन अक्षरं जवळपास नेहमी एमआयआय असतात. योगायोग नाही. डीईआर सर्टिफिकेटचे पहिले दोन बाइट सहसा ३० आणि ८२ असतात, म्हणजे "इथून एक गठ्ठा सुरू होतोय आणि त्याची लांबी पुढच्या दोन बाइटमध्ये आहे". ते बेस ६४ मध्ये लिहिलं की एमआयआय होतं. परीक्षेत विचारणार नाहीत, पण एकदा हे दिसलं की पीईएम आणि डीईआर एकाच माणसाचे दोन फोटो आहेत हे विसरायला होत नाही.

मग सीईआर आणि सीआरटी? इथेच सगळे अडकतात. आपल्या उल्हासनगरचा जुना विनोद माहीतच असेल: मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. लेबल खोटं नाही हो, फक्त तुम्ही समजता ते त्याचा अर्थ नाही. सीईआर अगदी तसंच. विंडोजमध्ये सर्टिफिकेट एक्स्पोर्ट करायला घ्या, तो दोन वेगळे पर्याय देतो: डीईआर बायनरी आणि बेस ६४. दोन्हींपुढे एक्स्टेन्शन मात्र एकच, सीईआर! म्हणजे नावावरून काहीच कळत नाही. कॅम्प ५ मधला जीन्सवाला लेबल वाचत बसत नाही, उलटी करून शिवण बघतो. तुम्हीही फाइल नोटपॅडमध्ये उघडा. बिगिन दिसलं तर पीईएम, नाही तर बहुधा डीईआर. आणि बिगिनच्या पुढचा शब्दही वाचा, तिथे प्रायव्हेट की असं लिहिलेलं असू शकतं. पीईएममध्ये सर्टिफिकेट, अख्खी साखळी, की, काहीही ठेवता येतं.

साखळी हा शब्द आला, तर तिथे जरा थांबू. ई-आधारची पीडीएफ उघडल्यावर सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह येतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. आधार खोटं आहे असं त्याचा अर्थ नाही. सही करणाऱ्या सर्टिफिकेटपासून वर भारताच्या रूटपर्यंतची साखळी त्या पीडीएफ वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या विश्वासाच्या यादीत नाही, एवढंच. आपला रूट म्हणजे सीसीए, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली नेमलेले नियंत्रक.

उलटी गोष्ट २०१४ ची. तेव्हा विंडोजच्या यादीत सीसीएचा रूट होता आणि त्याखाली एनआयसीला सर्टिफिकेट द्यायचा अधिकार होता. २ जुलैला गूगलच्या लक्षात आलं की गूगलच्याच डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं एनआयसीच्या साखळीतून निघालीयत. दुसऱ्याच दिवशी सीसीएने एनआयसीची मधली सर्टिफिकेटं रद्द केली. चौकशीत एनआयसीच्या सर्टिफिकेट देण्याच्या प्रक्रियेत घुसखोरी झाल्याचं सीसीएने कळवलं. फायरफॉक्सला धक्का लागला नाही, कारण त्याची यादी स्वतंत्र, आणि तिच्यात हा रूट नव्हताच. मधली एक कडी बिघडली तर काय होतं, याचं आपल्या घरचं उदाहरण याहून चांगलं मला सापडलेलं नाही.

तर ही साखळी एका फाइलमध्ये बांधून द्यायची असेल तर पी७बी. पीकेसीएस ७ चं रूप. आत तुमचं सर्टिफिकेट आणि मधली सर्टिफिकेटं. प्रायव्हेट की नसते. मुळीच नसते. परीक्षेतला आवडता सापळा हाच.

आणि की सकट सगळं बिऱ्हाड एका फाइलमध्ये हवं असेल तर पीएफएक्स किंवा पी१२. आज दोन्ही एकच, पीकेसीएस १२. पीएफएक्स हे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या स्वरूपाचं नाव, ते चिकटून राहिलं. आत प्रायव्हेट की असल्याने फाइलला पासवर्ड लावतात.

हे फक्त सर्व्हरवाल्यांचं प्रकरण नाही बरं का. अंबरनाथ एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराला महाटेंडर्सवर निविदा भरायची तर डिजिटल सिग्नेचर लागते. तेही एक्स ५०९ सर्टिफिकेटच. फरक एवढाच की त्याची प्रायव्हेट की यूएसबी टोकनमध्ये असते आणि बाहेर काढता येत नाही. टोकनमधून सीईआर काढून कोणालाही पाठवा, हरकत नाही. पण आयकराच्या जुन्या पोर्टलवर पीएफएक्स फाइल देऊन सही करायचाही पर्याय होता, आणि अशी फाइल पासवर्डसकट व्हॉट्सअॅपवर पाठवणारी माणसं मी पाहिलीयत. ज्याच्याकडे ती फाइल आणि पासवर्ड, तो तुमच्या नावाने सही करू शकतो. कोरा चेक सही करून देण्यातला हा प्रकार. फाइल पाठवायच्या आधी "आत की आहे का?" एवढं विचारा.

कामावर उपयोगी पडेल असं एक. ओपनएसएसएल ३ आवृत्ती २०२१ मध्ये आली आणि पी१२ फाइल बनवताना तिने नवं, मजबूत एन्क्रिप्शन धरलं. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांना ते वाचता येत नाही, आणि त्या सांगतात काय, तर "पासवर्ड चुकीचा आहे". पासवर्ड बरोबर असतो! अशा वेळी एक्स्पोर्ट करताना डॅश लेगसी हा पर्याय लावून बघा. आणि एनजिनएक्ससाठी पीईएम जोडताना क्रम पाळा: आधी तुमचं सर्टिफिकेट, मग मधलं. रूट घालायची गरज नाही. मधलं विसरलं तर गोंधळ असा होतो की काही ब्राउझर ते स्वतः शोधून आणतात आणि साइट चालते, पण कर्लने विनंती केली की साफ नकार.

ही कामं वाढणारच आहेत. आधी सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवस होती. ठरलेल्या वेळापत्रकानुसार १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून अवघे ४७.

ताईंसाठी आता एक प्रश्न. कल्याण येईपर्यंत उत्तर सुचायला हवं. प्रशासकाला एका विंडोज सर्व्हरवरचं सर्टिफिकेट दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचंय आणि तिथेही तेच चालायला हवं. पर्याय चार: डीईआर, पी७बी, पीएफएक्स, सीईआर. दुसऱ्या सर्व्हरला की लागणार, म्हणून पीएफएक्स. आता प्रश्न थोडा बदला: हवी आहे फक्त साखळी, तीही दुसऱ्या कंपनीला पाठवायला. तर पी७बी.

पुढच्या भागात सर्टिफिकेट रद्द कसं होतं ते बघू, सीआरएल आणि ओसीएसपी. प्रश्न पाठवत राहा.