घरातली रेकॉर्डिंग कायद्याला चालते, ॲपला नाही

हरमनप्रीतच्या भारतीय महिला संघाने २ नोव्हेंबर २०२५ ला क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हा मध्यरात्र झाली होती. पावसामुळे सामनाच दोन तास उशिरा सुरू झाला होता. शेतावर पहाटे निघणाऱ्या घरांत तोवर दिवे मालवलेले असतात, आणि विजेचा भरवसा कुणी द्यावा? म्हणून नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात हा प्रश्न अगदी रोजच्या व्यवहारातला आहे: टीव्हीवरची मॅच पेन ड्राइव्हवर घेतली आणि सकाळी लेकीला दाखवली, तर तो गुन्हा होतो का?

होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३७ प्रसारकाला २५ वर्षांचा हक्क देतं आणि विनापरवाना रेकॉर्डिंगला मनाई करतं. पण १९९४ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३९ सांगतं की स्वतःच्या खाजगी वापरासाठी, किंवा निव्वळ शिकवण्यासाठी वा संशोधनासाठी केलेली रेकॉर्डिंग म्हणजे या हक्काचा भंग नव्हे. प्रसारित झालेल्या चित्रपटाचा किंवा गाण्याचा मूळ कॉपीराइट वेगळा असतो. तिथे कलम ५२ कामी येतं. त्यातली खाजगी वापराची सवलत २०१२ पर्यंत फक्त साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींना होती. चित्रपट आणि ध्वनिमुद्रणं त्याच वर्षी तिच्यात आली. घरात पाहणं यात बसतं. तीच फाइल गावाच्या ग्रुपवर टाकणं किंवा विकणं बसत नाही.

शिकवण्याची सूट मला सगळ्यांत मोलाची वाटते. जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. सातपुड्यातल्या ज्या पाड्यांवर मोबाइलची रेंज नाही आणि घरोघर टीव्हीही नाही, तिथल्या मुलांना ठरलेल्या वेळी टीव्हीसमोर बसवणार कसं? अशा वेळी एखाद्या गुरुजींनी भाग रेकॉर्ड करून पाड्यावर नेऊन शिकवला, तर कलम ३९ त्यांच्या पाठीशी आहे. शिक्षण विभागाने हे एका परिपत्रकात लिहून शाळाशाळांत पाठवायला हवं होतं.

खरी अडचण पुढची आहे. दूरदर्शनच्या मोफत 'फ्री डिश' सेवेसाठीच्या अनेक स्वस्त बॉक्सना पेन ड्राइव्हवर रेकॉर्डिंगची सोय असते. तीच मॅच मोबाइलच्या ॲपवर स्क्रीन रेकॉर्डरने घेऊ पाहा, बहुतेक वेळा चित्राच्या जागी काळा पडदा उमटतो. ॲपमध्ये डाउनलोड केलेलंही वर्गणी संपली की उघडत नाही. कलम ६५ए नुसार हक्कभंगाच्या हेतूने असं डिजिटल कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी तोडलं तर गुन्हा नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. मात्र किल्ली ग्राहकाच्या हाती द्या, असं कंपनीला बजावणारं कलम कुठेच नाही. त्यामुळे हा हक्क कोर्टात बचावापुरता उरतो. दुकानात किंवा ॲपवर तो मागता येत नाही.

कंपन्यांना मात्र ग्राहकाच्या खाजगी वापराची आठवण सोयीने होते. टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक हे गाण्यांचं ॲप या खटल्यात विंकने हाच आधार घेतला होता: गाणी ऑफलाइन साठवतो तो ग्राहक, स्वतःसाठी. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. शाहरुख काथावाला यांनी एप्रिल २०१९ मध्ये तो फेटाळला. ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठानेही विंकचं अपील नामंजूर केलं. हे योग्यच झालं. घरातल्या माणसाची सवलत धंद्यासाठी उसनी घेता येत नाही.

अमेरिकेत १९८४ मध्ये सोनीच्या बेटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नंतर पाहण्यासाठी केलेली घरगुती रेकॉर्डिंग पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केली. जर्मनीने त्याच्याही आधी, १९६५ मध्ये, रेकॉर्डिंगच्या यंत्रांवर आकार बसवून लेखक-कलावंतांच्या मोबदल्याची सोय केली. आपल्याकडे असा आकार नाही. तो बसवावा की नाही यावर वाद होऊ शकतो. पण दूरदर्शनचे स्वतःचे कार्यक्रम जनतेच्या पैशातून बनतात. निदान ते तरी प्रसार भारतीने आपल्या ॲपवर कुलूप न लावता कायमचे उतरवून घेऊ द्यावेत. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.