प्रतिकृतीकडून उपयोगाकडे : विद्यार्थ्यांचे अभियांत्रिकी प्रकल्प

विज्ञान प्रदर्शनाचा दिवस जवळ आला की शाळाशाळांतून थर्माकोल, रंगीत कागद आणि छोट्या मोटारी यांची जमवाजमव सुरू होते. पवनचक्की फिरते, ज्वालामुखी धूर सोडतो, परीक्षक गुण देतात आणि आठवडाभरात ती प्रतिकृती कपाटावर जाऊन पडते. हे श्रम व्यर्थ असतात असे आम्ही म्हणणार नाही. त्यातून हाताला वळण लागते. परंतु प्रतिकृती एखादे तत्त्व दाखविते, तर अभियांत्रिकी रचना कोणाची तरी अडचण दूर करते. हा भेद विद्यार्थ्यांना शालेय वयातच उमगावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

महाराष्ट्रात या विचाराला चार दशकांची परंपरा आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या उद्योगातील संशोधकाची नोकरी सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळा सुटलेली मुले तेथे राहून लोहारकाम, बांधकाम, वीजजोडणी आणि शेती शिकतात. आणि शिकता शिकता गावाला लागणारी कामे करून देतात. फाटक नीट लागले नाही तर ते करवून घेणारा गावकरी तेथल्या तेथे सांगतो. त्यासाठी वार्षिक परीक्षेची वाट पाहावी लागत नाही. पुढे २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने याच खेड्यात 'फॅब लॅब' उभी राहिली. उच्च शिक्षणातही हा प्रवाह आहे. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा अभ्यास करणारे 'सितारा' केंद्र १९८५ पासून कार्यरत असून तेथील विद्यार्थी खेड्यांत राहून नळयोजनांसारखे प्रश्न अभ्यासतात. २०१६ साली सुरू झालेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानाने अशा कामाची वाट राज्यातील इतर महाविद्यालयांनाही खुली केली.

शाळेच्या पातळीवर हे कसे करावे? आमच्या लोहा परिसराला उन्हाळ्यातील पाणीटंचाई नवी नाही. शेजारच्या लातूर शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. म्हणून वसतिगृहाच्या गच्चीवरील टाकी भरून वाहते, एवढा साधा प्रश्न उदाहरणादाखल घेऊ.

पहिली पायरी मोजण्याची. वाहून जाणारे पाणी बादलीत धरावे. १५ लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल आणि टाकी रोज दहा मिनिटे वाहत असेल, तर दररोज १५० लिटर पाणी वाया जाते. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटरचे प्रमाण मानले आहे. म्हणजे जवळजवळ तीन माणसांच्या वाट्याचे पाणी गच्चीवरून ओघळते. 'पाणी वाया जाते' या तक्रारीला आकडा मिळाला की तिचा प्रश्न होतो.

दुसरी पायरी कारण शोधण्याची. मोटार सुरू करणारी व्यक्ती लगेच स्वयंपाकघरात कामाला लागते आणि तेथून टाकी दिसत नाही, असे आढळू शकते. मग दोष निष्काळजीपणाचा न राहता रचनेचा ठरतो.

तिसरी पायरी पर्याय तोलण्याची. तरंगत्या गोळ्यावर वाजणारी घंटी बसविता येईल. मात्र पाण्याजवळ घरगुती वीज धोक्याची, म्हणून ती कमी दाबाच्या बॅटरीवर चालावी, आणि क्षारांमुळे गोळा अडकतो, म्हणून तो अधूनमधून धुवावा लागेल. दुसरा पर्याय त्याहून साधा : टाकीच्या वरच्या कडेची नळी स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आणून तिचे पाणी पत्र्याच्या तुकड्यावर पडू द्यावे. टाकी भरताच पत्रा वाजेल, आणि खाली वाफा असेल तर तेवढे पाणी भाजीला मिळेल. दिसायला घंटी आकर्षक. टिकायला कदाचित पत्रा बरा. निवड विद्यार्थ्यांनी करावी, पण तिची कारणे वहीत लिहावीत.

चौथी पायरी बहुधा गाळली जाते. महिनाभर वापर झाल्यावर पुन्हा मोजमाप घ्यावे; जे फसले तेही नोंदवावे. बनविणारा विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावरही ती वस्तू दुसऱ्या कोणाला दुरुस्त करता येते काय, ही खरी परीक्षा.

येथे आमच्या मुलामुलींना एक अधिकार आपोआप प्राप्त झाला आहे. उन्हात हंडा वाहणारी मुलगी १५ लिटर पाण्याचे वजन पुस्तकातून शिकत नाही; ऊसतोडीच्या फडावर बालपण गेलेल्या मुलाला कोयत्याची मूठ कोठे रुतते हे ठाऊक असते. हे ज्ञान गरिबीची खूण समजून ती लपवितात, आणि वर्गातही त्याला क्वचितच स्थान मिळते. प्रकल्पाचा विषय घरून आणावयास सांगितला, तर ज्या कष्टांची लाज वाटत होती त्यांच्याकडेच ती अभ्यासकाच्या दृष्टीने पाहू लागतील.

यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मोजपट्टी, वजनकाटा, घड्याळ, वही आणि गावातील वेल्डर वा सुताराची थोडी सोबत एवढे पुरते. अभियांत्रिकी महाविद्यालयांत पोहोचलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी सुटीतील एक दिवस या मुलांसोबत घालवावा, असे आम्ही या स्मरणिकेच्या निमित्ताने आग्रहाने सुचवितो. पुढील वर्षी प्रदर्शनाच्या मेजावर दोन वस्तू कमी आल्या तरी चालेल. एक वस्तू कोणाच्या तरी अंगणात रोज वापरात असावी.